चाकावरचा कोरडा डबा

पूर ओसरून नदीचं पाणी निवळलं की मिस्त्रीण दरवर्षी आत्याच्या मळ्यावर जायची. नदीतल्या लाकडी चाकाची डागडुजी हे तिचं ठरलेलं काम. यंदा मात्र तिचा पाय निघत नव्हता. याच पुरात आत्याचा थोरला मुलगा वाहून गेला होता. चाकाच्या आऱ्यांमध्ये झाडाचं एक खोड येऊन अडकलं, ते काढायला म्हणून कमरेला दोर बांधून उतरला. दोर वर आला, तो नाही आला. नावा फिरल्या, गळ टाकून झाले, माणसं काठाकाठानं पार खालपर्यंत जाऊन आली. काहीच हाती लागलं नाही.

तिला सगळे मिस्त्रीणच म्हणत. आजोबा सुतार, वडील सुतार. वडील गेल्यावर आता चाकं कोण बघणार अशी चर्चा सुरू असताना ही खांद्यावर करवत टाकून हजर झाली. आधी लोक चेष्टेनं मिस्त्रीण म्हणाले, मग तेच जिभेवर बसलं. थोरला तिच्या बरोबरीचा. लहानपणी दोघं चाक थांबवलेलं असताना आऱ्यांवर चढून बसायचे आणि आत्याच्या हातचा मार खायचे.

शेवटी आत्याच्या धाकट्या मुलाचाच फोन आला.

"ताई, म्हातारी अडखळतेय गं. प्रत्येक फेऱ्यात एकदा थांबल्यासारखी होते. तू एकदा येऊन बघ. नाहीतर मी सरळ पंप बसवतो आणि हिला जळणात काढतो."

म्हातारी म्हणजे ते चाक. दुमजली घराहून उंच. नदीचा प्रवाह खालच्या फळ्यांना ढकलायचा आणि चाक फिरायचं. कडेनं ओळीत बसवलेले लाकडी डबे पाण्यात बुडायचे, भरून वर यायचे आणि माथ्यावर पोचले की कलंडून पन्हळीत पाणी ओतायचे. दगडी खांबांवरून ती लाकडी पन्हळ मळ्यापर्यंत जायची. तिथून पाट, पाटातून वाफे. ना इंजिन, ना वीज. एके काळी या काठावर अशा चाकांची रांग होती. आता बाकीच्यांचे नुसते खांब पाण्यात उभे होते, दात पडून गेलेल्या जबड्यासारखे. म्हातारीची आस लाकडी, आस टेकते ती खोबणही लाकडी, त्यामुळे ती फिरताना अखंड कण्हायची. पाहुणा मुक्कामाला आला तर त्याचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. घरच्यांचं उलटं होतं. कण्हणं थांबलं की त्यांना जाग यायची.

मिस्त्रीण पोचली तेव्हा हवा कुंद होती. ढग खाली आले होते, पण पाऊस नव्हता. आत्या मोडून पडली असेल, तिच्यासमोर काय बोलायचं, हे ती वाटभर मनात घोळवत होती. पण दारात आत्या उभी होती ती केस नीट विंचरून, धुतलेले कपडे घालून. चेहऱ्यावर तजेला म्हणावा असं काहीतरी होतं.

"वाळलीस गं," आत्या म्हणाली. "ये. चहा टाकते. चाकाची घाई नको करूस."

"घाई कशी नको? धाकटा म्हणतो, अडखळतंय."

"अडखळू दे," आत्या म्हणाली आणि आत गेली.

चहा घेऊन मिस्त्रीण नदीवर गेली आणि चाकासमोरच्या दगडावर बसून राहिली. कान देऊन ऐकणं हे अर्धं काम असतं असं तिचे वडील म्हणायचे. चाक नेहमीसारखं कण्हत होतं. डबे वर येत होते, पाणी ओतत होते. मग एका डब्याची पाळी आली. तो पाण्याबाहेर पडला आणि चाकाची गती मंदावली. कण्हण्याचा सूर खाली गेला. आरे करकरले. डबा कसाबसा माथ्यावर पोचला, कलंडला. आणि त्यातून पाण्याचा थेंबही पडला नाही. तो कलंडताच चाकानं एकदम उसळी घेतली. खांद्यावरचं पोतं उतरवल्यावर हमाल घेतो तशी.

तिनं पुढचा फेरा पाहिला. त्याच्या पुढचाही. तोच डबा, तेच सगळं.

रिकामा डबा वर येताना चाक हलकं व्हायला हवं. जड होतं याचा अर्थ डबा फुटलाय, पाणी गळून जातंय आणि तळाला गाळ बसलाय. तिनं धाकट्याला हाक मारली. दोघांनी वरच्या अंगाचं फळीचं दार खाली सोडून प्रवाह बाजूला वळवला, आऱ्यांतून अडसर घातला आणि चाक थांबलं. मिस्त्रीण आऱ्यावर चढली आणि डब्यात हात घातला.

गाळ नव्हता. भोक नव्हतं. डबा कोरडा होता.

नुसता रिकामा नव्हे, कोरडा. शेजारच्या डब्यांना शेवाळ लागलेलं, लाकूड फुगून काळं पडलेलं, आणि हा मात्र माळ्यावर ठेवलेल्या पेटीसारखा. बोटांना धूळ लागली. शिवाय लाकूड कोमट होतं. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणावर हात पडावा, तसं. तिनं हात पटकन मागे घेतला आणि मग स्वतःवरच चिडली.

"पाणी दे रे बादलीभर."

धाकट्यानं खालून बादली दिली. तिनं डब्यात पाणी ओतलं. पाणी मुकाट्यानं डब्यात राहिलं. गळणं नाही की झिरपणं नाही. अडसर काढून चाक सोडलं. डब्यानं ते पाणी माथ्यावर ओतलं, मग तो खाली जाऊन नदीत बुडाला आणि कोरडा वर आला.

"मी म्हटलं नव्हतं?" धाकटा म्हणाला.

"तू अडखळतेय एवढंच म्हणाला होतास."

"बाकीचं फोनवर कसं सांगणार, ताई? वेड लागलंय म्हणाली असतीस."

दुसऱ्या दिवशी तिनं तो डबा उतरवला आणि नवा ठोकून बसवला. ताजं लाकूड, ताजे खिळे, कडांना डांबर. नवा डबा पहिल्याच फेऱ्यात भरून आला. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात त्याच्या मागचा डबा पाण्याबाहेर पडला आणि चाक मंदावलं.

ती हट्टाला पेटली. धाकट्याकडून लाकडाचा भुसा मागवला, त्या दुसऱ्या डब्यात ओंजळभर पसरला आणि चाक सोडलं. भुसा भिजला, वाहून गेला, तर निदान डबा आत पाणी घेतो एवढं तरी कळेल. फेरा पुरा झाला. चाक थांबवून ती वर चढली. माथ्यावर कलंडूनही, नदीत बुडूनही भुसा जागच्या जागी होता, कोरडा ठणठणीत. पण दाबला गेला होता. मधोमध एक खळगा पडला होता, कडेला गोल, एका बाजूला निमुळता. उशीत कोपर रुतवून कुणी वाकून बघावं, तसा.

तिनं तो भुसा हातानं विस्कटला. धाकट्याला काही सांगितलं नाही.

मग तिच्या मनात आलं, की चाक माथ्यावर उसळी घेतं म्हणजे ओझं तिथं उतरतं. उतरतं तर जातं कुठे? ती शिडी लावून पन्हळीच्या कडेला गेली आणि तळहात पन्हळीच्या फळीवर टेकवून वाट बघत राहिली. कोरडा डबा वर आला, कलंडला. पन्हळीतल्या पाण्यात काही दिसलं नाही. पण पहिली फळी वाकली. मग दुसरी. मग तिच्या तळहाताखालची फळी खाली दबली आणि सावकाश पूर्ववत झाली. मग पुढची. एकामागून एक खांबांवरचे सांधे करकरत गेले, मळ्याच्या दिशेनं, पाण्याच्याच चालीनं.

ती खाली उतरली आणि त्या आवाजामागोमाग चालू लागली.

पन्हळ संपते तिथं पाट सुरू होतो. पाट मळ्याला वळसा घालून पार टोकाला, बांधाखालच्या कांद्याच्या वाफ्यापर्यंत जातो. तिथं आत्या बसली होती. बादली पालथी घालून त्यावर बसलेली, मांडीवर निवडायच्या शेंगा. शेजारी वाफ्यावर एक पांढरी चादर पसरलेली. आत्या बोलत होती. हलक्या आवाजात, शेंगा सोलता सोलता, घरच्या माणसाशी बोलावं तशी. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दुकान बंद केलं, धाकटा अजून तसाच उधळ्या आहे, मिस्त्रीण आलीय बघ.

"आत्या," मिस्त्रीण म्हणाली.

आत्या दचकली नाही. "बस. हळू बस."

"हे काय आहे?"

आत्यानं शेंगा बाजूला ठेवल्या आणि चादरीचं एक टोक उचललं. कांद्याची पात जमिनीशी सपाट झाली होती. पण सगळीकडे नाही. पावलांची जागा, मग पिंढऱ्या, मग मांड्या. पुढे पाठ टेकावी तसा रुंद भाग, आणि दोन्ही बाजूंना हात. तेवढीच माती दबलेली, आणि तेवढीच कोरडी. आजूबाजूचा वाफा पाण्यानं चिंब होता.

"आधी टाच आली," आत्या म्हणाली. "मला वाटलं, कुत्रं बसलं असेल. मग रोज थोडं थोडं. आता खांद्यापर्यंत आलाय. मान यायचीय अजून."

"आत्या, माती खचली असेल. खाली घुशीचं बीळ असेल..."

"असेल," आत्या शांतपणे म्हणाली. "तू उकरून बघणार आहेस?"

मिस्त्रीणनं आजूबाजूला पाहिलं. पहार दूर नव्हती, बांधालाच टेकून ठेवलेली. तिनं ती उचलली नाही. कारण खरं सांगायचं तर, त्या दबलेल्या मातीकडे बघताना तिलाही डावा खांदा थोडा खाली वाटला होता. थोरल्याचा होता तसा. तिलाही तो हवाच होता.

"म्हणून म्हटलं, चाकाची घाई नको करूस," आत्या म्हणाली. "आणतेय ना म्हातारी त्याला. अडखळत का होईना, आणतेय."

त्यानंतर मिस्त्रीण चाकाला हात लावेनाशी झाली. खोबणीला चरबी लावायची, इकडचा तिकडचा खिळा ठोकायची आणि दगडावर बसून राहायची. धाकटा त्या वाफ्याकडे फिरकतच नव्हता. वाफ्यांना पाणी द्यायला, दारं धरायला गेला तरी अलीकडच्या वाफ्यावरून परत यायचा.

"तुला काय वाटतं?" तिनं त्याला एकदा विचारलं.

"दादाला पोहता यायचं, ताई. यायचंच असतं तर काठानं आला नसता?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई परवा त्याला विचारत होती, पांघरूण देऊ का. आणि थांबली होती. उत्तर ऐकताना माणूस थांबतं ना, तशी."

मग एका सकाळी फोन वाजला. नदीच्या खालच्या अंगाला धरण होतं, तिथून फोन होता. दरवाजाची जाळी साफ करताना एक देह सापडला होता. ओळख पटवायला घरचं कुणी येईल का?

आत्याला त्यांनी काही सांगितलं नाही. सामान आणायला जातो म्हणाले आणि निघाले. तिथल्या दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. चेहरा बघू नका म्हणाला. त्यानं एक्स-रे दिव्यासमोर धरला. मांडीच्या हाडात धातूची पट्टी होती, वरचा स्क्रू तिरका बसलेला. तरुणपणी थोरला म्हातारीवरूनच पडला होता आणि ती पट्टी बसली होती. तिरक्या स्क्रूवरून तो जन्मभर ती बसवणाऱ्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडत राहिला होता. शंकेला जागाच नव्हती.

"किती दिवस होते ते पाण्यात?" मिस्त्रीणनं विचारलं.

"पुरापासूनच. पहिल्याच दिवशी इथं येऊन अडकले असणार."

"पूर्ण आहे ना?" तिच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे... सगळा?"

डॉक्टरनं तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "हो. सगळे आहेत."

धाकटा भिंतीला टेकून रडला. मिस्त्रीणला रडू आलं नाही. तिला मळ्यावर पोचायची घाई झाली होती.

ते परतले तेव्हा दुपार होती, पण संध्याकाळ झाल्यासारखा अंधारून आलेला दिवस. आत्या स्वयंपाकघरात फरशी पुसत होती. धाकट्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. आत्या आधी नाही म्हणाली. दुसरा कुणीतरी असेल. पाण्यात किती माणसं जातात. मग धाकट्यानं पट्टीचं सांगितलं. तिरक्या स्क्रूचं सांगितलं.

आत्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?" ती म्हणाली.

धाकट्यानं फडकं उचलून टेबलावर ठेवलं.

"मी त्याला नावानं हाक मारली गं," आत्या मिस्त्रीणचा हात धरून म्हणाली. "माझ्या लेकराच्या नावानं. रोज. ये म्हटलं. घरी ये म्हटलं."

"चाक बंद करू," मिस्त्रीण म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. चल रे."

दोघं नदीवर धावले. मिस्त्रीणनं अडसर उचलला आणि तशीच थांबली.

चाक सुरळीत फिरत होतं.

डबे ओळीनं वर येत होते, भरलेले. प्रत्येक डबा पाणी ओतत होता. कण्हण्याचा सूर कुठेच खाली जात नव्हता. एक अख्खा फेरा गेला. दुसरा गेला.

"झालं की गं दुरुस्त," धाकटा पुटपुटला.

तिनं मान हलवली. तिनं काहीच दुरुस्त केलं नव्हतं. आणायचं होतं ते आणून झालं होतं.

वाफ्यावर चादर पसरलेली होती. ती फुगली होती, खालून काही टोचावं तशी. मिस्त्रीणनं टोक धरून ओढली. खाली कांद्याची पात ताठ उभी होती, हिरवीगार, कधी कुणी झोपलंच नव्हतं तिथं अशी. माती भुसभुशीत. ओली.

वाफ्यातून एक वाट निघाली होती. पाटाच्या ओल्या काठावर कोरड्या मातीचे डाग. पावलाएवढे, पावलाच्या आकाराचे. एक डावा, एक उजवा. त्या चिखलात तेवढीच माती फिकट, भाजल्यासारखी. ते बांधावरून गेले होते, मेथीच्या वाफ्यातून गेले होते, गोठ्याला वळसा घालून गेले होते. कुठेही घुटमळलेले नव्हते. वाट पाठ असलेल्या माणसासारखे.

घराकडे.

"आई," धाकटा म्हणाला आणि पळत सुटला.

आत्या स्वयंपाकघरात त्याच खुर्चीवर बसली होती. तिला काही झालेलं नव्हतं. पुसलेली फरशी अजून ओली होती, फक्त दारापासून टेबलापर्यंत तिच्यावर कोरडे डाग होते. आत्यानं ते पाहिले होते. तिनं पाय वर घेतले होते.

"मला इथं नाही राहायचं," ती म्हणाली.

त्यांनी हाताला लागेल ते बांधलं. धाकट्यानं जाऊन अडसर घातला. म्हातारी थांबली आणि मळ्यावर कुणालाच सवय नसलेली शांतता पसरली. मिस्त्रीणनं आपली हत्यारं आणि आत्याची ट्रंक टेम्पोच्या मागे टाकली. पुढच्या लांब सीटवर धाकटा स्टिअरिंगला बसला, मधे आत्या, आणि दाराशी मिस्त्रीणनं बसायचं होतं. ती घराला कुलूप लावायला मागे राहिली. कुलूप लावून आली तेव्हा टेम्पो सुरू होता आणि दार उघडं होतं. आत्या समोर काचेतून रस्त्याकडे बघत होती. तिचा चेहरा अगदी साधा होता, प्रवासाला निघालेल्या कुठल्याही बाईचा असतो तसा.

मिस्त्रीणनं एक पाय पायरीवर ठेवला.

आत्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती धाकट्याच्या बाजूला सरकली, साडीचा घोळ सावरून घेतला आणि शेजारी जागा करून दिली. मिस्त्रीण अजून चढलेली नव्हती. रिकाम्या जागेतली सीटची गादी सावकाश खाली बसली.

"तू मागे बस, बाळा," आत्या मिस्त्रीणला म्हणाली. "इथं जागा नाही."